मापाने केलेली पेटी

बेल्जियममधल्या लिएज शहरात, रविवारच्या बाजारात ओदिलोन तोनार शिरला, की ओळखीचे दुकानदार बायकोला हाक मारायचे, "बटणं लपव गं, तोनार आला!"

त्याला कारण होतं. ओदिलोन जुन्या पिस्तुलांच्या मूळ पेट्या शोधायचा, पण पिस्तूल हा शब्द तो चुकूनही तोंडातून काढत नसे. कुणाच्या घरी गेला की कॉफीचा पहिला घोट घेऊन विचारायचा, "काय हो, तुमच्याकडे बटणं कशात ठेवतात?" बायको गिलेन म्हणायची, "दुसऱ्यांचे नवरे परक्या बायकांकडे बघतात, माझा त्यांच्या कपाटात बघतो."

पण युक्ती नामी होती. पिस्तूल विकलं जातं, वाटणीत जातं, लढाईच्या काळात विहिरीत जातं. पेटी मात्र कुणी टाकत नाही. अक्रोडाचं लाकूड, पितळी कोपरे, आत मखमल! घरातली बाई ती उचलते आणि तिच्यात संसार भरते. दोन पिढ्यांत ती पेटी कशाची होती हे घरच विसरून जातं. मग पिस्तुलाची पेटी आहे का विचारलं, तर लोक अगदी प्रामाणिकपणे नाही म्हणतात. ओदिलोनला अशा पेट्यांत बटणं सापडली, जपमाळा सापडल्या, एकदा तर एका आजोबांची कवळी सापडली. बदल्यात द्यायला त्याच्या गाडीत नव्या कोऱ्या पेट्या असायच्या. आतलं सामान तो स्वतःच्या हाताने नव्या पेटीत लावून द्यायचा, आणि बाई खूश होऊन त्याला वर जॅमची बाटली द्यायची.

साऱ्या शहराच्या पिस्तुलांना त्याने घरं मिळवून दिली. त्याची स्वतःची जोडी तेवढी बेघर होती.

ती जोडी त्याच्या पणजोबांनी एका गिऱ्हाइकासाठी घडवलेली, पुढे फिरून घराण्यात परत आलेली, पण पेटीविना. लोहार-कारागिरांचा संत एलुआ, त्याच्या सणाला लिएजचे जुने बंदूकवाले आपापला ऐवज मांडून बसत, पेके नावाची तिथली दारू पीत आणि एकमेकांच्या वस्तूंना नावं ठेवत. तिथे सगळ्यांची पिस्तुलं मखमलीत पहुडलेली, आणि ओदिलोनची टॉवेलवर. उबेर नावाचा त्याचा दोस्त दरवर्षी न चुकता विचारायचा, "काय रे, पाहुणे आंघोळ करून आले वाटतं?" सगळे हसायचे. ओदिलोनही हसायचा, पण त्याला ते लागायचं. त्या जोडीची मूळ पेटी मिळावी, एवढी एकच गोष्ट त्याने आयुष्याकडे हट्टाने मागितली होती.

दुसरी कुठलीही पेटी चालणार नव्हती. लिएजचा पेटीवाला पिस्तूलच लाकडावर ठेवायचा आणि त्याच्या कडेकडेने खाच कोरायचा. दुसऱ्याचं बाळ त्या पाळण्यात मावत नसे. शिवाय पणजोबांचं गिऱ्हाईक आखूड बोटांचं होतं. बोट टेकायला म्हणून त्यांनी चापाभोवतीच्या कडीला डुकराच्या शेपटीसारखा एक वळसा दिला होता. तसा वळसा ओदिलोनने दुसऱ्या कुठल्याच पिस्तुलाला पाहिला नव्हता.

त्या उन्हाळ्यात नदीपलीकडे शेरात नावाच्या गावी आल्दा रांसोने नावाच्या बाई एक कपाट विकणार असल्याचं त्याला कळलं. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या, ताठ मानेच्या. कपाट भिकार निघालं. ओदिलोनने सवयीने बटणांचं विचारलं.

"बटणं बरणीत असतात," बाई म्हणाल्या. "पेटीत माझे बाबा आहेत."

ओदिलोनच्या घशात कॉफी अडकली.

"म्हणजे त्यांचे पाइप हो! घाबरलात काय?" बाई हसत आत गेल्या आणि पेटी घेऊन आल्या.

झाकण उघडलं. हिरव्या मखमलीत दोन खाचा, दोन्हींत एकेक मातीचा पाइप. पाइपाचं वाकडं तोंड पिस्तुलाच्या मुठीच्या जागी, दांडी नळीच्या जागी. आणि प्रत्येक खाचेच्या पोटाखाली एक रिकामा वळसा. डुकराच्या शेपटीसारखा.

"खाणीत कोळसा काढायचे बाबा," आल्दाबाई सांगत होत्या. "आमच्या घरात एक खुर्ची धड नव्हती. पण पाइपांना पेटी, तीही शहरातल्या कारागिराकडून मापानं करून घेतलेली! मी लहान होते. विचारलं, बाबा, ही शेपटी कशाला? तर म्हणाले, धूर जायला."

ओदिलोनने पेटीवरून हात फिरवला आणि कसंबसं म्हणाला, "पुढच्या रविवारी बायकोला घेऊन येऊ का? तिला दाखवायचीय."

"या की! भाताचा टार्ट करते."

आठवडाभर तो जमिनीवर नव्हता. गिलेन म्हणाली, "लग्नाच्या आदल्या रात्रीही तू असा येरझाऱ्या घालत नव्हतास." रविवारी तिच्या पिशवीत लोकरीच्या गुंड्यांखाली पिस्तुलांची जोडी ठेवून दोघं शेरातला पोचली.

आल्दाबाई टार्ट कापायला स्वयंपाकघरात गेल्या. ओदिलोनने पाइप अलगद उचलून गिलेनच्या मांडीवर दिले. एक पिस्तूल खाचेत ठेवलं, मग दुसरं. शेपटी शेपटीत बसली. केसाइतकीही फट राहिली नाही. इतकी वर्षं त्याची थट्टा करणाऱ्या गिलेनच्या डोळ्यांत पाणी आलं.

"झाली की रे तुझी यात्रा," ती कुजबुजली. "आता मागून टाक."

बशांचा आवाज आला. त्याने घाईघाईने पिस्तुलं पिशवीत घातली आणि पाइप जागेवर ठेवले.

आल्दाबाईंनी टार्ट समोर ठेवला, पण त्या स्वतः काही खाईनात. मग एकदम म्हणाल्या, "मस्यू तोनार, तुम्हाला पेट्यांतलं कळतं म्हणे. खरं सांगा. माझा भाचा म्हणतो, ही पाइपांची पेटीच नव्हे. म्हणतो, आजोबांनी कुठून तरी पिस्तुलांची रिकामी पेटी उचलून आणली आणि तुला थाप मारली."

"भाचे काय, काहीही बोलतात," गिलेन म्हणाली.

"नाही, तो बंदुकांच्या कारखान्यात आहे. तो खरं बोलत असेल, तर ही पेटी तुम्ही आजच घेऊन जा. फुकट न्या. पाइप मी बिस्किटांच्या डब्यात ठेवीन. मला घरात खोटी वस्तू नको."

गिलेनने नवऱ्याकडे पाहिलं. बोलायला एक वाक्य पुरे होतं, आणि ते वाक्य खरंही होतं. पिशवी उघडून दाखवली असती, तर पुरावाही तिथेच होता.

ओदिलोनने पेटी जवळ ओढली. चष्मा लावला. खाचेतून बोट फिरवलं, बिजागऱ्या पाहिल्या, झाकण नाकाशी नेऊन वास घेतला. आल्दाबाई श्वास रोखून बघत होत्या. शाळेत निकाल ऐकायला उभी राहिलेली मुलगी असावी तशा.

"तुमच्या भाच्याला पिस्तुलातलं कळत असेल," तो शेवटी म्हणाला. "पेटीतलं शून्य कळतं. ही पाइपांचीच. आणि नुसती पाइपांची नाही, याच पाइपांची. मापानं केलेली."

"आणि ही शेपटी?"

"बाबांनी सांगितलं होतं ना? धूर जायला. चांगले कारागीर ठेवायचे तेवढी जागा."

आल्दाबाईंनी पेटी मांडीवर घेतली. "सांगते आता त्याला," म्हणाल्या. "येऊ दे मेल्याला!" आणि मग त्यांनी टार्टचे दोन मोठे तुकडे खाल्ले.

गाडी परतीच्या वाटेवर पुलाशी आली. गिलेनने पिशवी पोटाशी धरली होती.

"बोल ना काहीतरी," ओदिलोन म्हणाला. "मूर्ख म्हण."

"ते तर मी रोजच म्हणते."

"सणाला उबेर विचारणार. त्याला काय सांगू?"

गिलेन म्हणाली, "सांग, घर सापडलं. पण आत बिऱ्हाड आहे. आणि भाडेकरू फार सज्जन आहेत."

ओदिलोनला इतकं हसू आलं की त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली. हसता हसता तो रडायलाच लागला, आणि त्याने ते बायकोपासून लपवलं नाही. गिलेनने आपला रुमाल त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "उतर, मी चालवते."