धोंडिबाचं मध्यंतर

पोतं कितीही झटकलं तरी तळाच्या शिवणीत मूठभर दाणे राहतातच. दुकानापुढच्या बाकाचंही तसंच. माणसं येतात, बिडी ओढतात, एसटी आली की उठून जातात. बोललेलं मात्र फळीच्या फटीत अडकून बसतं. पौडला माझ्या दुकानापुढं असा एक बाक आहे. त्यावर साचलेलं सगळं सांगत बसलो तर तुमची शेवटची गाडी चुकेल. म्हणून एकट्या धोंडिबाचं सांगतो.

धोंडिबा म्हणजे आमच्या मुळशीतला एकुलता एक फुटबॉलवाला. बाकीचा मुलूख कुस्तीचा आणि हुतूतूचा. त्याचं गाव धरणात गेलं तेव्हा तो अठरा-एकोणीस वर्षांचा, नुकतं लग्न झालेलं. पोटासाठी पुण्याला कॅम्पात गेला आणि गोऱ्या सोजिरांच्या मैदानावर कामाला लागला. गवत कापायचं, पाणी मारायचं आणि सामन्याआधी चुन्याच्या रेघा ओढायच्या. रेघ ओढायची त्याची एक रीत होती. तळाला भोकं पाडलेला डबा हातात धरायचा आणि मागं मागं चालायचं.

"म्होरं त्वांड करून चाललं की रेघ वाकडी जाती, शेट. वढल्याली रेघ डोळ्याम्होरं पायजे."

गोरे गेले तेव्हा साहेबानं त्याला एक चामडी चेंडू आणि एक पितळी शिट्टी दिली. ती दौलत घेऊन गडी परत आला आणि पौडला राहिला. आता चेंडूला सपाट जागा लागते. आमच्याकडं डोंगर आहेत, उतार आहेत, भाताची खाचरं आहेत. सपाट म्हणावं असं जे काय होतं ते धरणाच्या पाण्याखाली. धोंडिबा म्हणायचा, "साहेबानं जाताना पुढाऱ्यास्नी देश दिला आन् मला चेंडू. कुटं ठिवावा, ते त्यांनाबी कळंना आन् मलाबी."

त्याची बायको सगुणावैनी त्या चेंडूला सवत म्हणायच्या. "वारं भरल्याली सवत हाय माजी. मला कंदी पुसलं न्हाई, पण तिला रोज त्याल लावत्यात."

धोंडिबाला आयुष्यात एकच पाहिजे होतं. आपल्या मातीत एक पुरा सामना. शिट्टीपासून शिट्टीपर्यंत.

*

गावाबाहेरचं गायरान त्यातल्या त्यात सपाट. एके दिवशी तांबडं फुटायच्या आत धोंडिबानं तिथं रेघा ओढल्या. लांबी-रुंदी पावलानं मोजून, मधलं वर्तुळ दोरीनं आखून, अगदी कॅम्पासारखं. मग न्याहारीला घरी गेला.

तो परत येतो तर गायरानात शंभर माणूस. बायका रडतायत, गडी काठ्या घेऊन उभे. आमच्याकडं जमिनीवर पांढरी रेघ म्हणजे एकच अर्थ. धरणाच्या वेळी साहेब लोक अशाच रेघा मारून गेले होते आणि रेघेच्या आतलं सगळं पाण्यात गेलं होतं. सोनाई म्हणून एक म्हातारी होती, धोंडिबाच्याच बुडालेल्या गावची. तिनं तर घरचे देव फडक्यात बांधून आणले होते आणि चूल फोडून आली होती.

धोंडिबा हात जोडून म्हणाला, "आत्ये, ह्यो खेळ हाय. पोरं खेळनार हायेत. घाबरू नगंस."

सोनाईनं गाठोडं खाली ठेवलं नाही. म्हणाली, "मागल्या बारीला आल्ता त्यो सायेबबी हासतच बोलत व्हता रं."

धोंडिबानं स्वतःच्या हातानं सगळ्या रेघा झाडून काढल्या. त्या दिवसापासून गावात त्यानं चुना वापरला नाही. घरोघरच्या चुलीतली राख मागून आणायचा आणि राखेच्या रेघा ओढायचा. वारा सुटला की मैदान उडून जायचं.

*

माझं शिक्षण चौथी. पुढचं सगळं रद्दीवर झालं. पुण्याहून पुड्या बांधायला जुने पेपर यायचे, ते फाडायच्या आधी मी वाचून काढायचो. मेलबर्नच्या ऑलिंपिकात आपले फुटबॉलवाले शेवटच्या चारांत गेले, ही बातमी बाकाला अशीच तीन महिन्यांनी कळली. तिसऱ्या नंबरासाठी सामना होणार, एवढं होतं. पुढचं पान कुणाच्या तरी गुळाबरोबर गेलेलं.

धोंडिबानं दोन आठवडे घरोघर जाऊन गुळाच्या पुड्यांचे कागद पाहिले. शेवटी मी पुण्याला मालाला गेलो तेव्हा विचारून आलो. हरलो होतो. चौथे.

"चौथ्याला काय देत्यात?"

"काही नाही."

त्यानं काढलेली बिडी पुन्हा बंडलात खोचली. मग म्हणाला, "मंजी रांगंत हुबं ऱ्हायाचं, आन् खिडकी आपल्या तोंडावर लावायची. येवढं लांब कशाला ग्येले? हितं मामलेदार कचेरीत मिळालं आस्तं."

*

आबासाहेब नावाचे आमचे एक पुढारी पंचायतीच्या निवडणुकीला उभे राहिले. कुणीतरी त्यांच्या कानात घातलं की तरुण पोरं धोंडिबाच्या मागं आहेत. झालं. गायरानावर क्रीडांगण करणार म्हणून जाहीर झालं, मांडव पडला, नारळ आला. आबासाहेब चेंडूला पाय लावणार होते. त्यांनी धोतराचा सोगा सावरला, चेंडू दोन्ही हातांनी उचलला आणि लोकांना दाखवून भाषण सुरू केलं.

धोंडिबानं जोरात शिट्टी मारली.

आबासाहेबांनी विचारलं, "काय झालं?"

"हात लागला जी. फाऊल."

लोक पोट धरून हसले. आबासाहेबही हसले, पण त्यांचं हसू ओठाच्या वर गेलं नाही. संध्याकाळी बाकावर बाबू धनगरानं त्याला ऑफसाइड म्हणजे काय ते विचारलं. हा बाबू आमचा गोलकीपर. दिवसभर एका जागी उभं राहून वाट चुकलेलं मेंढरू अडवायची सवय, म्हणून धोंडिबानं त्याला निवडला होता.

धोंडिबा म्हणाला, "चेंडू याच्या आदीच गोलाच्या तोंडाशी जाऊन हुबा ऱ्हातो, त्यो ऑफसाइड. कामाचा पत्ता न्हाई आन् नारळ फोडाय पयला, तसला."

बाबूनं विचार केला. "मंग इलेक्शनात सारंच ऑफसाइड."

"व्हय. तितं शिट्टीवाला नसतो."

*

आबासाहेब निवडून आले. वर्षभरात गायरानावर खताचं आणि बियाण्याचं गोडाउन मंजूर झालं. मैदानाच्या बरोबर मधल्या वर्तुळावर. गोलाचे वासे गवंड्यांनी परांचीला वापरले.

ठरावावर गावच्या दहा जणांच्या सह्या होत्या. त्यातली एक माझी. खोटं कशाला बोलू? गोडाउन जवळ आलं की व्यापाऱ्याचं भलं होतं, आणि जागा दुसरीकडंही होती हे मला ठाऊक होतं. पण ती लांब होती.

धोंडिबाला सह्यांची यादी कुणीतरी वाचून दाखवली. मी म्हटलं, आता हा बाकावर बसायचा नाही. दुसऱ्या दिवशी रोजच्या वेळेला आला, बसला, तंबाखू मागितली. मी दिली. एक महिना तो खेळाचं काही बोलला नाही. मग एकदा एसटीची वाट बघणाऱ्या कोळवणच्या एका पोराला नियम समजावत होता. पोरानं विचारलं, "आपल्याच गड्यानं आपल्याच गोलात चेंडू मारला तर?"

"त्येला सेमसाईड म्हनत्यात," धोंडिबा म्हणाला. माझ्याकडं बघितलंही नाही. "त्योबी गोल धरत्यात. आन् त्येचा आवाज व्हईत न्हाई, कारन आपला कीपर बेसावध असतो."

*

मला मुंबईला मालासाठी जायचं होतं. मनात काहीतरी सलत होतं म्हणून म्हटलं, "चल धोंडिबा, तिथं मोठा सामना आहे, तुला दाखवतो." भाताच्या ट्रकमधून गेलो. सामना चांगला झाला. धोंडिबा गवताकडंच जास्त बघत होता. "पानी मारनाऱ्यानं कोपरं सोडल्यात," म्हणाला.

बाहेर पडलो तर दिवेलागण झालेली. रस्त्यावरचे, दुकानांवरचे, पाट्यांवरचे दिवे एकदम लागले. शहर म्हणजे काय असतं ते मला तेव्हा कळलं: घरी अंधार असला तर माणूस बाहेर येऊन बसतो, इथं बाहेरच घरापेक्षा जास्त उजेड, तरी कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नाही. आमच्या पौडला तेव्हा कंदील. आमच्या धरणाची वीज मात्र डोंगर उतरून थेट मुंबईला गेलेली, हे बाकावरच्या प्रत्येकाला माहीत.

धोंडिबा रस्त्याच्या कडेला थांबला. मान वर करून एकेक दिवा बघत गेला. लोक धक्के मारून जात होते. मग मला म्हणाला, "शेट, ह्यातला माजा कंचा?"

*

आता शेवटचं.

एका वर्षी पाऊस कमी झाला आणि उन्हाळ्यात धरणाचं पाणी कधी नव्हे इतकं मागं सरलं. बुडालेल्या गावाची जोती दिसायला लागली. धोंडिबाचं घर, त्यामागं त्याचं शेत. चाळीस वर्षांच्या गाळानं ते शेत असं सपाट झालं होतं की कॅम्पातल्या साहेबानं टोपी काढली असती.

धोंडिबा दुकानात आला. "दोन पोती चुना दे."

"चुना? लोक पुन्हा घाबरतील."

"तितं कोन घाबरंल? तितनं आनिक काय न्हेनार हायेत?"

त्यानं मागं मागं चालत रेघा ओढल्या. कोळवणची पोरं विरुद्ध आमची पोरं, नऊ-नऊ गडी. त्याच्या घराचं जोतं एका गोलाच्या मागं. मी जोत्यावर बसलो होतो. एकास एक गोल झाला, धोंडिबानं मध्यंतराची शिट्टी मारली, आणि धरणाचा वॉचमन काठी घेऊन आला. हद्दीत यायला मनाई.

"हद्द? त्या बांधापत्तुर माजं हाय," धोंडिबा म्हणाला.

वॉचमन आमच्यातलाच. काठी खाली टेकून म्हणाला, "धोंडिबा, त्याच्या पल्याड माजं व्हतं. पर नोकरी हाय. साहेब दुर्बिनीतनं बघतोय."

धोंडिबानं पोरांकडं पाहिलं, पोरांनी त्याच्याकडं. मग चेंडू काखेत मारला. "मध्यंतर झालंया. ऱ्हायल्याला खेळ फुडल्या उन्हाळ्याला. बाजू बदलून."

त्या माघात धोंडिबा गेला. छातीत कफ झाला, पुण्याला न्यायचं ठरेपर्यंत उशीर झाला. शेवटी शेवटी मला विचारत होता, औंदा पाणी किती मागं जाईल.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी पुन्हा मागं गेलं. कुणी कुणाला निरोप दिला नव्हता. मी चुना घेऊन गेलो तर दोन्हीकडचे गडी तिथं आधीच येऊन बसलेले. वॉचमन काठी गवतात टाकून पाठ फिरवून बसला होता. मी भोकाचा डबा घेतला आणि मागं मागं चालायला लागलो. या वयात कंबर वाकेना. जोत्यावर सगुणावैनी बसल्या होत्या.

"वाकडी जातीया, शेट."

मी पुसून पुन्हा ओढली.

पोरांनी बाजू बदलली आणि खेळ सुरू केला. बाबू धनगर पार समोरच्या गोलात गेला. उरलेल्या वेळात कुणालाच गोल करता आला नाही. ठरलेला अर्धा तास कधीच होऊन गेला होता. ऊन डोंगराला टेकलं, पोरांची छाती भात्यासारखी हलत होती, पण थांबायचं कुणी ठरवायचं? एकेक करून सगळे जोत्याकडं बघायला लागले. पितळी शिट्टी वैनींच्या मुठीत होती.

त्यांनी मला विचारलं, "ही वाजली की काय व्हतं?"

"खेळ संपतो, वैनी."

त्यांनी शिट्टी उलटसुलट करून पाहिली. मग कनवटीला खोचली.

तेवढ्यात आमच्या एका पोरानं मारलेला चेंडू गोलाच्या बाजूनं निसटून जोत्यावर आला आणि त्यांच्या पायाशी थांबला. ओल्या गाळानं माखला होता. वैनींनी तो मांडीवर घेतला, पदरानं सगळीकडून पुसला आणि रेघेच्या आत टाकला.