जनाबाईने पारखलेलं बी

टोकावड्याच्या जनाबाईने "हे बी उगवेल" म्हटलं, की बायका बिनघोर रोपांच्या पिशव्या भरायला घेत. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई जांभळाच्या बाबतीत भल्याभल्यांना गप्प बसवायची. ताज्या बियांतल्या शंभर मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायच्या, बाकीच्या ओल्या वाळूत ठेवायच्या आणि पंधरा दिवसांनी मोड मोजायचे. ऐंशीच्या खाली आले, तर सगळी रास उकिरड्यावर. जांभळाचं बी भातासारखं वाळवून ठेवता येत नाही, सुकलं की मेलं, हे तिने भाची संजीवनीला हाताला धरून शिकवलं. पोर हुशार. जनाबाईला तिचं कोण कौतुक! रोपवाटिकेत तिला कामाला लावलं, तेही आत्यानेच शब्द टाकून.

यंदा शंभरात एक्क्याण्णव मोड आले. जनाबाईने "वाटा" म्हटलं आणि संजीवनीने बी गावोगाव पोचवलं.

महिना उलटला तरी निम्म्या पिशव्यांतून काही वर येईना. शेजारच्या पाड्यावरची भागी सात-आठ बायकांना घेऊन तणतणत ओटीवर आली.

"जनाबाय, तुझ्या भरवशावर आमी राबलो. माती वाहून कंबरडं मोडलं. तू बी बघितलंच नाय!"

भागीने पेरून उरलेलं बी मुठीत आणलं होतं, ते घेऊन जनाबाईने विळीवर चिरलं. आत काळपट, कोरडं. हे यंदाचं नव्हतंच. गेल्या सालचं उरलेलं बी तिने फेकायला दिलं होतं, ते संजीवनीकडे. यंदा मागणी मोठी, माल अपुरा. पोरीने ते जुनं बी नव्यात मिसळून भर घातली होती.

संजीवनी दारातच उभी होती. चुकली असेल, कबूल करेल, आपण बायकांच्या हातापाया पडून सावरून घेऊ, असं जनाबाईला वाटलं. तिने चिरलेलं बी पोरीच्या तळहातावर ठेवलं.

"सांग गो, हे मी पास केलं काय?"

संजीवनीने ते निरखून पाहिलं. मेलेलं बी ओळखायला ती चुकणारी नव्हती.

"होय आत्या, हेच केलंस," ती म्हणाली, आणि बायकांकडे वळली. "तिला आता नीट दिसत नाय. मी तरी किती सांगायचं?"

जनाबाईने जिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, तिने भर ओटीवर गळा कापला होता. भागीचा राग मात्र पार उतरला.

"मग सांगायचं ना बाय," ती जनाबाईला मायेने म्हणाली, आणि पुढल्या साली बी संजीवनीनेच तपासावं, असं बायकांनी तिथेच ठरवून टाकलं.