थिनरचं फडकं

थिनरचा वास आला की मला आमच्या रहिमतपूरच्या घराची गच्ची आणि तिथं वाळत ठेवलेली ती गाडीची बॉडी आठवते. रिमोटवर पळणाऱ्या गाड्यांच्या पारदर्शक प्लास्टिकच्या बॉड्या एअरब्रशनं रंगवायचा मला नाद. रंग आतून मारायचा, म्हणजे गाडी उलटली तरी ओरखडे रंगाला लागत नाहीत. चार बॉड्या ओघळ येऊन वाया गेल्या होत्या. पाचवीवर मात्र निळा रंग काळ्यात असा विरत गेला की माझं मलाच खरं वाटेना. त्या सकाळी साताऱ्यात शर्यत होती. माझ्या वडिलांची, आबांची, सगळी हयात गॅरेजात ट्रक रंगवण्यात गेलेली. मी आंघोळीला गेलो तेवढ्यात त्यांनी पत्रा पुसतात तशी थिनरच्या फडक्यानं ती बॉडी वरून पुसली. प्लास्टिक दुधाळ झालं, बारीक तडे गेले. मला न्यायला आलेले मित्र दारात उभे होते. त्यांच्यादेखत मी ओरडलो, "आवं, ह्यो काय ट्रक हाय व्हय? कळत न्हाई तर शिकल्याल्या माणसाला इचारायचं तरी!" घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, आणि ते शिक्षण मी असं वापरलं. आबा एवढंच म्हणाले, "चुकलं गड्या. जरा चमकावी म्हणलं." आता माझा हात बसलाय, सांगलीहूनसुद्धा लोक बॉड्या रंगवायला पाठवतात. परवा एक फार सुरेख जमली, म्हणून आबांपुढं धरली. त्यांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले, वाकून पाहिली आणि म्हणाले, "लय भारी झालीया. ने आत, कुणाचा तरी हात लागंल."