कोमलचं वय मी कागदावर पाहिलं

यंदा बीडला जायचं माझ्या जिवावर आलं होतं. एका क्रीडा वसतिगृहासाठी मी बास्केटबॉलच्या मुली निवडते, पंधरा वर्षांच्या आतल्या. आज कच्ची दिसणारी कोणती मुलगी पुढे चांगली निघेल, हे ओळखायचं माझं काम. पण मागच्या वर्षी 'नाही' म्हटलेल्या मुली पुन्हा समोर आल्या की कुठे बघावं कळत नाही. तरी गेले.

पुण्याहून सकाळची एसटी धरली. आम्हा बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिशाला त्रास नाही, कंबरेला होतो. जामखेडच्या पुढे गाडी मध्येच उभी राहिली.

"कावून थांबली बे?" मागच्या बाकावरून एकाने विचारलं.

"डायवर चहा प्यायला उतरलाय. तूबी उतर," त्याचा सोबती म्हणाला. मीही उतरले.

बीडला स्टँडजवळ साध्या लॉज आहेत. गरम पाणी सकाळी लवकर घ्या, आठनंतर मिळेलच असं नाही.

दुसऱ्या दिवशी रिक्षाने पालीकडे निघाले. बिंदुसरा धरण भरलं होतं, रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या लागल्या होत्या. मला जायचं होतं ते पालीच्या पुढच्या एका लहान गावात. शाळेच्या फाटकातच खेळाचे जाधव सर भेटले आणि त्यांच्या मागे कोमल.

ही पोर मागच्या वर्षी मैदानावर सगळ्यांत हुशार होती. पास कुठून येणार हे तिला बाकीच्यांच्या आधी कळायचं. पण उंची कमी होती आणि दाखल्यावर वय चौदा पूर्ण. या वयात मुलींची बहुतेक वाढ होऊन गेलेली असते. 'आता फार वाढणार नाही' असा शेरा मारून मी तिच्याऐवजी एका उंच मुलीला नेलं. ती उंच मुलगी सहा महिन्यांत कंटाळून घरी परतली.

शाळेच्या भिंतीवर तिच्या उंचीची, मी मागच्या वर्षी केलेली पेन्सिलची खूण अजून होती. कोमल तिच्याशी पाठ लावून उभी राहिली. खूण तिच्या कपाळाच्या रेषेत आली.

जाधव सर मला तिच्या घरी घेऊन गेले. तिच्या आईने बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. दाखल्यावर आता पंधरा, मग एवढी वाढली कशी, म्हणून मी वय विचारलं.

"पंधराची कुठली वो मॅडम? संक्रांतीला चौदा हुतील. ऊसतोडीला गेलतो, तिथं पाचटाच्या कोपीत झाली ही. नोंद कोण करतंय?" ती म्हणाली. "थोरला पोरगा एकटा शाळेत जायला रडायचा, म्हनून गुरुजींनी हिलाबी बसवलं. एक जून लिव्हलं, वय वाढवून."

एक जून! मागच्या वर्षीच्या यादीत निम्म्या मुलींचा जन्म एक जूनचाच होता आणि मी सरांसमोर त्यावर हसलेही होते. माझ्या वडिलांची कागदावरची तारीखसुद्धा हीच. सगळं माहीत असून मी तिची वाढ त्या कागदावर मोजली होती.

अंगणात येऊन मी वसतिगृहाला फोन लावला. उत्तर मला ठाऊक होतं, तेच आलं: दाखल्यावर पंधरा पूर्ण, प्रवेश नाही. तारीख बदलायला जन्माचा पुरावा लागतो, आणि तो कुठेच नाही.

कोमल दाराशी ऐकत होती. "मागल्या वर्षी आईला कावून न्हाई इचारलं मॅडम?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं तिला.

"चुकलं माझं," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"तिकडं ऱ्हायली असती, तर तोडीला न्यावं लागलं नसतं," आई ताट उचलता उचलता म्हणाली. "यंदा कोपीवर भाकरी करायला हीच हाय."

संध्याकाळी जाधव सरांनी नारायणगडावर देवदर्शनाला नेलं. वारा छान होता, माणसं हात जोडत होती. मला मागण्यासारखं काही सुचलं नाही.

पुण्यात परतून आठवडा झाला. माझ्या फॉर्मवर आता एक नवा रकाना आहे: आई काय वय सांगते. पुढच्या मुलींना त्याचा उपयोग होईल. मला मात्र मी मारलेला तो शेरा सारखा डोळ्यांसमोर येतो, माझ्याच अक्षरातला.

तुम्हाला तिकडे जायचं असेल तर दसऱ्याआधी जा. धरण भरलेलं असतं, सीताफळं गोड असतात आणि माणसं गावात असतात. नंतर गेलात तर कोमल भेटणार नाही. ती सहा महिने उसाच्या फडावर असेल, आणि तिला तिथे मी पाठवलंय.