पायाळू पोर आणि वखारीतल्या बायका

बायका ओळीनं बसल्या आणि हाताला काम असलं, की बाळंतपणाच्या गोष्टी आपोआप निघतात. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत मी अशा किती ऐकल्या असतील! लढाईचे दिवस होते, आणि मला पहिल्यांदाच दिवस गेले होते.

आमच्या ओळीत चंद्राक्का सगळ्यांत थोरली. तिनं सांगितलं, ग्रहणात कुणीतरी वांगं चिरलं आणि पोर फाटक्या ओठाचं जन्मलं. झालं! पुढच्या ग्रहणाला मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. नाकावर माशी बसली, तीसुद्धा हाकलली नाही.

*

दुसरी गोष्ट चंद्राक्काच्या नणंदेची. तिला बाळंतपणाला दवाखान्यात नेलं आणि ती तिथंच गेली. चंद्राक्का म्हणायची, "दवाखान्यात गेलेली बाई आडवीच भाईर येती." मी घरी येऊन नवऱ्याला शपथ घातली, काही झालं तरी मला तिथं न्यायचं नाही.

हे सासूबाईंच्या कानावर गेलं. चंद्राक्काच्या नणंदेला त्या ओळखत होत्या. कळा लागल्यावर तिला चौथ्या दिवशी गाडीत घातलं होतं, एवढंच त्यांनी सांगितलं. वखारीत हे कुणी कधी बोललं नव्हतं.

*

माझ्या कळा सकाळी सुरू झाल्या. दुपारी सुईणीनं पोट चाचपलं आणि म्हणाली, मूल पायाळू आहे, माझ्या हातचं नाही. नवरा शपथेपायी गाडी जुंपेना. मी दाराची चौकट धरून बसले. सासूबाईंनी माझं एकेक बोट सोडवलं.

"आज चल," त्या म्हणाल्या. "चौथ्या दिवशी न्हाय."

बैलगाडीत सगळ्या वाटेनं मला ती नणंदच दिसत होती. दिवेलागणीला दवाखान्यात पोरगा झाला. आधी पाय आले, मग बऱ्याच वेळानं रडणं.

*

पायाळूचा पाय लागला की पाठीतली उसण जाते, असं आमच्याकडं मानतात. आणि वखारीतल्या बायका तर दिवसभर वाकून बसणाऱ्या! सव्वा महिना होताच एकेक जण येऊन आमच्या सोप्यात पालथी पडू लागली. पोरगा आपला लाथा झाडायचा.

सगळ्यांत शेवटी चंद्राक्का आली. पालथी झाली. मी पोराचा पाय तिच्या पाठीला लावला, तरी ती उठेना. फार दुखतंय का, म्हणून मी वाकून विचारलं.

मान न वळवता ती हळूच म्हणाली, "सुनंला सातवा लागलाय. त्या दवाखान्यात कुठल्या दारानं आत जायाचं गं?"