आईच्या हातचा द्राक्षरस

चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. रत्नागिरीतलं आमचं देऊळ लहान आहे. जांभ्याच्या भिंती, दोन्ही बाजूंना बाकं, आणि सगळे आले तर पन्नासेक माणसं. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळे पाव आणि द्राक्षरस घेतात. त्यासाठी लागणारा द्राक्षरस माझी आई करते.

बाबा जयगडच्या बंदरात कामाला होते. ते गेल्यावर आईने तेव्हाच्या पाळकांकडे, म्हणजे धर्मगुरूंकडे, मंडळीतलं काहीतरी काम मागितलं. तिचं शिक्षण चौथीपर्यंतचं आणि गाण्याचा सूर कधी लागत नाही. म्हणून तिला हे काम मिळालं. शनिवारी ती काळे मनुके निवडते, भिजवते, उकळते, गाळते आणि रस बाटलीत भरून ठेवते. रविवारी पावाच्या कडा काढून बारीक तुकडे करते आणि बोटभर उंचीच्या काचेच्या पेल्यांत रस ओतते. इतकी वर्षं तिने ते कधी चुकवलं नाही. तापातही केलं.

मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. माझ्या फीसाठी मंडळीनेही हातभार लावला होता, आणि देवाने मला शिकवलंय ते कशासाठी तरी, असं मला मनापासून वाटायचं. ते काय असेल, ते मात्र कळत नव्हतं. एका लॅबमध्ये मी रक्ताचे नमुने घेते. दिवसभर नळ्यांवर नावं लिहिते. उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, वेळ ठेवलेला असतो, तेव्हा कुणी अपघातातून वाचल्याचं सांगे, कुणी आजारातून उठल्याचं. माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

मागच्या वर्षी आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली होती. रस तिने आधीच करून ठेवला होता, मी फक्त ओतायचा होता. लॅब रविवारीही सकाळी उघडी असते. मी धावतपळत घरी आले, फ्रिजमधली बाटली उचलली, काळा चष्मा लावलेल्या आईला रिक्षात बसवलं आणि देवळाच्या मागच्या खोलीत जाऊन पेले भरले. आई ओतण्याआधी वास घेते. मी रंग बघितला.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. सगळ्यांनी मिळून पेले तोंडाला लावले, आणि सगळ्यांचे डोळे एकदम मिटले. लाँचवर मेकॅनिक म्हणून काम केलेले एक म्हातारे खोकत खोकत म्हणाले, "अहो, हे आगळ आहे!"

शेजारणीने दिलेलं आगळ, म्हणजे मीठ घालून ठेवलेला कोकमाचा रस, तसल्याच बाटलीत फ्रिजमध्ये होतं. गायकवृंदात खांदे हलत होते. आईने मात्र आपला पेला शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन खाली ठेवला.

उपासना सुटल्यावर मंडळीचे पंच आईजवळ आले. ते निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात.

"वहिनी, तुमचा दोष नाही. डोळ्यांचं असं झाल्यावर चूक व्हायचीच. आता विश्रांती घ्या. पुढच्या वेळेपासून आपण बाटलीबंद रस मागवू."

"हो," आई म्हणाली. "दिसलं नाही मला नीट."

मी शेजारीच उभी होते. संडे स्कूलचा वर्ग मला द्यायचं त्याच आठवड्यात ठरत होतं. मी रिकामे पेले गोळा करायला लागले.

घरी आल्यावर विचारलं, "आई, तू तसं का सांगितलंस?"

"तुला मुलांना शिकवायचंय ना? माझं काय गो, डोळ्याचं निमित्त आहेच."

तिने मनुके भिजवायचं पातेलं घासून फळीवर पालथं घातलं. त्यानंतरचे दिवस ती कुणावर रागावली नाही, रडलीही नाही. नुसती बसून असायची. ते पातेलं आता पुन्हा सुलटं होणार नाही हे तिने मान्य केलं होतं, आणि तिचं ते मान्य करणंच मला बघवेना.

पुढच्या रविवारी साक्षीची वेळ आली तेव्हा मी उठले. "आगळ मी ओतलं," मी म्हणाले. "आईने हात लावला नव्हता. ती माझ्यासाठी खोटं बोलली आणि मी तिला बोलू दिलं. देवबापाने मला क्षमा करावी, तुम्हीही करा."

मागून मेकॅनिक आजोबा म्हणाले, "प्यायलो ते प्यायलो, आता सांगून उतरतंय होय!" पाळकसाहेबसुद्धा हसले.

गुरुजी हसले नाहीत. "संडे स्कूलचं बघू मग," एवढंच ते मला म्हणाले आणि आईकडे वळले. "वहिनी, बाटल्यांची ऑर्डर अजून दिलेली नाही."

"देऊ नका," आई म्हणाली.

रिक्षात मात्र तिने मला फैलावर घेतलं. "उभं राहायला कुणी सांगितलं होतं तुला? सगळ्या मंडळीसमोर आईला खोटारडी ठरवलीस!" बोलता बोलता तिने माझा हात धरला, तो घर येईपर्यंत सोडला नाही.

पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी तिच्यासोबत मनुके निवडायला बसले. तिचे ओठ हलत होते. मी विचारलं तेव्हा ती लाजली.

"मला लांब प्रार्थना करता येत नाही. एकेक देठ काढते आणि मंडळीतल्या एकेकाचं नाव घेते. ज्याला जे हवं ते देवबापाला ठाऊक."

त्या सकाळी पूर्णगडहून पहिल्या गाडीने एक बाई लॅबमध्ये आल्या होत्या. सुई टोचताना त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. मी त्यांचं नाव नळीवर लिहिलं होतं आणि विसरलेही होते. आता एक मनुका हातात घेऊन ते मोठ्याने म्हटलं.

"कोण गो ही?"

"रक्त द्यायला आली होती. घाबरली होती."

आईने मान डोलावली आणि देठ नीट निघालाय का ते बोटांनी चाचपून पाहिलं. सोमवारपासून नळीवर नाव लिहिताना मी क्षणभर थांबायला लागले. कामाला त्याने उशीर होत नाही. माझं शिक्षण कशासाठी होतं, हा प्रश्न मी त्यानंतर देवाला फारसा विचारलेला नाही.

त्या शनिवारी ताट रिकामं होत आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"आई, गुरुजींचं नाव राहिलं."

"राहिलं नाही. ते मी तेव्हाच घेतलं, आगळ झालं त्या रविवारी, घरी आल्या आल्या. राग फार आला होता ना."

आणि ती पाणी तापलंय का बघायला उठली.