जोर ‘रे’वर

दवाखान्यात सगळे तिला टेलिफोनताई म्हणत. शाळेत माझ्या हाताखाली शिकत होती तेव्हापासून ती बोलताना अडखळायची, आणि शब्द ‘ऑ’ने सुरू झाला की संपलंच. तरी तिने फोनच्या टेबलावरचीच नोकरी धरली आणि टिकवायला एक पळवाट काढली: अडणारा शब्द टाळायचा. लाउडस्पीकरवर ‘ऑपरेशन थिएटर’ म्हणायची वेळ आली की ती ‘वरचा मजला’ म्हणे. जुन्या डॉक्टरांना ते कळायचं.

नव्या भूलतज्ज्ञाला कळलं नाही. तो वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात जाऊन उभा राहिला, आणि पलीकडे रोगी टेबलावर खोळंबला. मोठ्या सिस्टरांनी तिला बजावलं, की पुन्हा असं झालं तर दुसरीकडे काम बघ.

घर तिच्याच पगारावर चालायचं. सासरे सुतार, हात थरथरू लागल्यापासून घरी बसलेले. इंग्रजीचा त्यांना गंध नाही. त्यांनी मला बोलावून तो शब्द वीसेक वेळा म्हणायला लावला आणि एका फळीवर पेन्सिलीने सात रेघा मारल्या: ऑ-प-रे-शन-थि-ए-टर. मग तिसरीवर बोट ठेवलं.

“गुरुजी इथं दाबतात. पुढच्या थिएटरला फारसं वजनच नाही. सूनबाई, फळी टोकाला धरून उचलतात का कधी? वजन असेल तिथं हात घाल.”

“पण मामंजी, सुरुवात तर ‘ऑ’नेच होते ना?”

“होऊ दे. तो काय तुझा जावई आहे, त्याची एवढी सरबराई करायला?”

आठवड्याने, भर दुपारी, निरोप आला. एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता, भूलतज्ज्ञ हवा होता. मोठ्या सिस्टर पाठीशीच उभ्या होत्या. तिने बटण दाबलं. ‘ऑ’ घशात रुतला. सगळ्या मजल्यांवर नुसती खरखर ऐकू गेली. सिस्टरांनी माइककडे हात पुढे केला. तिने तो कोपराने अडवला, श्वास सोडला आणि सगळा भार ‘रे’वर टाकला. शब्द निघाला. त्यामागून ‘भूलतज्ज्ञ, ताबडतोब’ही निघालं. जिन्यावरून बुटांचा आवाज धडधडत वर गेला.

फोन पुन्हा वाजला, तो सिस्टरांनीच घेतला आणि कागदावर दोन ओळी खरडून तिच्यापुढे सरकवल्या. रक्तपेढीच्या माणसालाही तिथंच बोलवायचं होतं.

“म्हण,” त्या हाताची घडी घालून म्हणाल्या.

‘ऑ’ पुन्हा अडला. या वेळी सिस्टरांनी हाताची घडी सोडली नाही.